एरर पाथ झाडायला नवी पोरं पाठवू नका

सांगली-मिरजेपासून कराड-साताऱ्यापर्यंत इंजिनिअरिंगच्या पोरांसाठी ओपन सोर्सचे वर्कशॉप हल्ली सारखे चालू असतात, चांगलंच आहे, पण त्यात लिनक्स कर्नलचा, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, विषय निघाला की एक सल्ला ठरलेला असतोय. सुरुवात क्लीनअपनं, म्हणजे जुन्या कोडच्या साफसफाईनं, करा. नवीन फीचर तुम्हाला झेपायचं नाही, पण एखाद्या जुन्या ड्रायव्हरमधे, म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या कोडमधे, एरर आल्यावर मेमरी सोडायची राहिलीय, लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप, सोडायचा राहिलाय, गोटूची, म्हणजे कोडमधल्या उड्यांची, माळ लागलीय ती नव्या पद्धतीनं लिहायचीय, असलं काहीतरी उचला, पॅच, म्हणजे बदललेल्या ओळी, पाठवा, कर्नलमधे नाव लागलं की रेझ्युमेत टाका आणि इंटरव्ह्यूला भाव खावा. मला हा सल्ला नुसता चुकीचा नाही, उलटा वाटतो. एरर हँडलिंग आणि लॉकिंगची साफसफाई हे कर्नलमधलं सगळ्यात जोखमीचं काम आहे, आणि ते ज्याच्या हातात ते हार्डवेअर आहे, ज्याला त्याचा पगार मिळतोय आणि उद्या काही बिघडलं तर जो फोन उचलणार आहे अशा माणसानंच करायला पाहिजे. व्हायला मात्र पाहिजेच, त्यात वाद नाही, कारण एरर पाथ, म्हणजे काही बिघडलं तरच चालणारा कोड, पुण्या-बंगळूरच्या एसी लॅबपेक्षा आपल्याकडंच जास्त चालतो.

हे कसं ते सांगतो. ड्रायव्हर सुरू होताना साधारण चार पायऱ्या असतात, मेमरी घ्यायची, क्लॉक चालू करायचा, इंटरप्ट, म्हणजे हार्डवेअरनं प्रोसेसरला हाक मारायची सोय, मागायचा आणि मग कर्नलला सांगायचं की डिव्हाइस तयार आहे. तिसऱ्या पायरीला नकार आला तर आधी क्लॉक बंद करायचा, मग मेमरी परत द्यायची, बरोबर उलट्या क्रमानं, आणि वर मायनस १२ नाहीतर मायनस १६ असा आकडा पाठवून द्यायचा. मायनस १२ म्हणजे मेमरी नाही, मायनस १६ म्हणजे बिझी आहे. सी भाषेत एक्सेप्शन, म्हणजे एरर आपोआप वर पोचवायची सोय, वगैरे भानगड नसल्यामुळं ही सगळी परतफेड माणसानं हातानं लिहायची असते. आणि सगळं सुरळीत चाललं तर हे कोड एकदाही चालत नाही! लॅबमधे व्होल्टेज स्थिर, केबल नवी, सेन्सर टेबलावर कोरडा पडलेला, मग तिथं कशाला कोण नकार देतंय. इकडं थ्री फेज लाईट रात्री येणार, येताना व्होल्टेज कुठं असेल सांगता येत नाही, कनेक्टरवर दव, जूननंतर आत मुंग्या. शहरात जी वाट आयुष्यात एकदा लागायची ती आपल्याकडं रोज लागते.

आमचं काम कुपवाड एमआयडीसीत, द्राक्षबागेत लावायच्या वेदर स्टेशनच्या डब्यांचं. पानावरचा ओलावा, हवेतली आर्द्रता, तापमान असं मोजायचं आणि त्यावरून डावणी येणार का भुरी येणार, या द्राक्षावरच्या रोगांचा अंदाज बागायतदाराच्या मोबाईलवर जायचा. आत एक छोटा लिनक्स बोर्ड. तासगावकडच्या एका बागेतल्या डब्याची तक्रार सारखी यायला लागली, "दादा, डबा चालूय पण आकडा हलंना." खरंच, दिवा लुकलुकतोय, डब्याला पिंग जातंय, तापमान येतंय, फक्त ओलाव्याचा आकडा कालचा तो आजपण. बंद करून चालू केला की ठीक, परत दोन-चार दिवसांनी तेच. लॉग काढून बघितला तर आकडा वाचणारा प्रोसेस डी स्टेटमधे, म्हणजे न मोडणाऱ्या झोपेत, अडकलेला, किल मायनस ९ हा जबरदस्तीनं मारायचा हुकूम देऊन पण मरायला तयार नाही, आणि कर्नलच्या लॉगमधे ती ओळ, हा टास्क १२० सेकंदांपेक्षा जास्त वेळ अडकलाय म्हणून. वॉचडॉग, म्हणजे डबा गप्प पडला तर आपोआप रीस्टार्ट करणारा पहारेकरी, होता हो, पण वॉचडॉगला वेळेवर थोपटणारा प्रोसेस वेगळा, तो ठणठणीत, त्यामुळं वॉचडॉगच्या लेखी सगळं आलबेल.

मग चिप कंपनीनं दिलेला ड्रायव्हर उघडला. आकडा वाचायच्या फंक्शनमधे पहिल्या ओळीत म्युटेक्स (एक प्रकारचा लॉक) लॉक केलेला, पुढच्या ओळीत आय-टू-सीवरून (सेन्सर जोडायच्या वायरवरून) सेन्सरला विचारलेलं, त्याखाली इफ, सेन्सरनं उत्तर दिलं नाही तर एरर रिटर्न. अनलॉक कुठं, तर पार खाली, आकडा नीट आला तरच जिथं पोचतो तिथं. म्हणजे एखाद्या पहाटे कनेक्टरमधे दवाची ओल गेली, सेन्सर एकदा गप्प बसला, की फंक्शन लॉक खिशात घालून बाहेर. ऊन पडल्यावर सेन्सर सुधारला तरी आता त्याला विचारायला जाणार कोण, जो येतोय तो लॉकच्या दारात झोपतोय, आणि ती झोप असली की सिग्नलनं पण मोडत नाही. दोन ओळींची दुरुस्ती होती. पण त्या दोन ओळी त्या कंपनीच्या कुठल्याच टेस्टमधे सापडल्या नसत्या, कारण त्यांच्या टेबलावर दव पडत नाही.

हा कुणा एका आळशी कंपनीचा किस्सा म्हणून सोडून देता येत नाही. स्टॅनफर्डच्या मंडळींनी २००१ मधे लिनक्सचा कोड टूलनं तपासला तेव्हा ड्रायव्हरमधल्या चुकांचं प्रमाण बाकीच्या कर्नलपेक्षा तीन ते सात पटीपर्यंत निघालं होतं. २००८ मधे विस्कॉन्सिन विद्यापीठात लिनक्सच्या फाईल सिस्टिम आणि काही स्टोरेज ड्रायव्हर तपासले, तर एरर परत देणाऱ्या कॉलपैकी १३ टक्के ठिकाणी, मोजून ११५३ जागी, तो एररचा आकडा कुणी बघितलाच नव्हता, आला आणि हवेत गेला. आता कोड बराच सुधारलाय हे मान्य, पण तो वाढलायपण, आज चार कोटी ओळींच्या आसपास आहे, आणि त्यातला मोठा हिस्सा ड्रायव्हरचाच.

आणि शेतातला डबा तुम्हाला किरकोळ वाटत असेल तर २०१८ चं एफसिंक प्रकरण बघा, एफसिंक म्हणजे डेटा खरंच डिस्कवर गेला का हे कर्नलकडून पक्कं करून घेणं. पोस्टग्रेस डेटाबेसवाल्यांच्या लक्षात आलं की डिस्कवर लिहिताना एरर आली तर लिनक्स ती एकदाच सांगतो, कधी भलत्यालाच सांगतो, आणि मेमरीतल्या ज्या पानावरचा डेटा डिस्कवर लिहिलाच गेला नाही त्या पानावर स्वच्छ असा शिक्का मारून मोकळा होतो. डेटाबेसनं परत एफसिंक केलं की उत्तर येतं, यशस्वी! म्हणजे पैसे जमा झाल्याची नोंद गेली कुठं ते कुणालाच माहीत नाही आणि पावती मात्र मिळाली. कर्नलमधे ४.१३ व्हर्जनपासून एरर कळवण्याची पद्धत सुधारली होती तरी प्रश्न पूर्ण सुटला नव्हता, शेवटी पोस्टग्रेसवाल्यांनी ठरवलं, आणि २०१९ च्या व्हर्जनांपासून लागू केलं, की एफसिंक फेल झालं की सरळ कोसळायचं आणि लॉगवरून परत उभं राहायचं. वर्षानुवर्षं जगभरचे डेटाबेस ज्या वाटेवर विसंबून होते ती वाट अशी होती, आणि त्यात सगळी कर्नलचे दिग्गज म्हणावीत अशी माणसं होती, शिकाऊ कोण नव्हतं.

आता साफसफाई करायची कशी यावर येऊ. कॉलेजात गोटू म्हणजे पाप असं शिकवतात, व्हायव्हाला गोटू लिहिला तर मास्तर मार्क कापतात, पण कर्नलच्या कोडिंग स्टाइलमधे फंक्शनच्या शेवटी आवराआवरीची लेबलं ठेवून गोटूनं तिथं उडी मारायची ही अधिकृत पद्धत आहे आणि ती चांगली आहे. तिचा त्रास एवढाच की चार वर्षांनी कोणीतरी येतो, दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीच्या मधे एक नवीन पायरी घुसवतो, आणि उडी जुन्याच लेबलवर राहते. त्यावर उपाय म्हणून २०२३ मधे ६.५ व्हर्जनमधे कर्नल डेव्हलपर पीटर झिल्स्ट्रानं क्लीनअप डॉट एच नावाची फाईल आणली. कंपायलरमधे आधीपासून एक सोय होती, व्हेरिएबल स्कोपच्या, म्हणजे कोडमधल्या आपल्या हद्दीच्या, बाहेर गेलं की ठरलेलं फंक्शन आपोआप बोलवायची, तिचा वापर करून गार्ड बनवला. गार्ड लिहिला की लॉक लागला, फंक्शनमधून कुठनंही बाहेर पडा, रिटर्न करा, एरर येऊ दे, लॉक आपोआप सुटणार. मेमरीसाठी पण तशीच सोय. आमच्या त्या सेन्सर ड्रायव्हरमधे गार्ड असता तर डावणीचा अंदाज चुकला नसता, अर्थात त्या बोर्डावर चिप कंपनीचा जुना कर्नल होता त्यामुळं गार्डचा प्रश्नच नव्हता, आम्ही गोटू घालूनच भागवलं.

नवीन कोड लिहिताय तर गार्ड वापरा, मी शंभर टक्के त्या बाजूचा. भांडण आहे ते चालू असलेला जुना कोड घाऊक भावानं गार्डवर आणण्याशी. एकच उदाहरण देतो, कोडवाल्यांनी जरा थांबून वाचा. जुन्या सवयीनं पोरगं फंक्शनच्या डोक्यावर पॉइंटर डिक्लेअर करतं, त्याला नल देतं आणि आपोआप सोडण्याचा शिक्का मारतं, सोडणं म्हणजे इथं समजा ती वस्तू एका लिस्टमधून काढून मग मेमरी परत देणं. त्याच्याखाली गार्ड, म्हणजे लिस्टचा लॉक. त्याच्याखाली वस्तू बनवून लिस्टमधे घालणं. दिसायला एकदम स्वच्छ. पण बाहेर पडताना आवराआवर उलट्या क्रमानं होते, ज्याचं डिक्लेरेशन शेवटी ते आधी सुटणार, म्हणजे आधी लॉक सुटला आणि मग लॉकशिवाय लिस्टमधून वस्तू काढली. त्याच वेळी दुसऱ्या प्रोसेसरवर कोणी ती लिस्ट वाचत असेल तर संपलं. कंपायलर काही बोलत नाही, ड्रायव्हर लोड होतो, सगळं चालतंय, कारण ही गडबड फक्त एरर पाथवर होते आणि एरर पाथ कुणी चालवून बघत नाही. कर्नलच्या स्वतःच्या डॉक्युमेंटमधे हा धोका लिहून ठेवलाय, डिक्लेरेशन आणि असाइनमेंट एकाच जागी करा म्हणून सांगितलंय, एकाच फंक्शनमधे गोटू आणि गार्ड मिसळू नका असंही सांगितलंय. पण अर्धवट बदललेल्या फंक्शनमधे नेमकं ते दोन्ही मिसळलेलं सापडतं.

नेटवर्किंगच्या कोडचे मेंटेनर, म्हणजे पॅच घ्यायचा की नाही ते ठरवणारे, यावर जास्त कडक आहेत. त्यांनी लिहूनच ठेवलंय की वीस ओळींपेक्षा मोठ्या फंक्शनमधे गार्ड नको, आपोआप सोडायचा तो शिक्का ड्रायव्हरमधे थेट वापरू नका, आणि दुसरं काही काम नसताना नुसता क्लीनअपचा पॅच पाठवू नका. यावर पोरं म्हणतात म्हातारी माणसं आहेत, बदल नको असतोय त्यांना. वीस ओळींचा नियम मलाही जरा जास्तच वाटतो, पण शेवटच्या मुद्द्यावर मी त्यांच्याच बाजूनं. त्यांच्याकडं शेकडो नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर आहेत, त्यातली कित्येक कार्डं आता कुणाच्या टेबलावर पण नाहीत, पॅच पाठवणाऱ्यानं ती कधी बघितलेली नसतात, मग कोड सुंदर झाला याला पुरावा काय, तर कंपाइल झाला. एवढ्यावर विश्वास ठेवायचा?

लॉकिंगचं तर याहून वाईट. ऊसाच्या सीझनला पाणंदीत दोन ट्रॅक्टर समोरासमोर आले, दोघांच्या मागं दोन-दोन भरलेल्या ट्रॉल्या, मागं घेता येत नाही आणि पुढं जागा नाही, असं झालं की काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. एका प्रोसेसनं आधी अ लॉक घेऊन मग ब मागितला, दुसऱ्यानं आधी ब घेऊन अ मागितला, की तेच, आणि तिथं उतरून शिव्या घालायला पण कोण नसतं. हे वर्षातनं एकदा घडेल, ज्या क्षणी दोघं बरोबर त्याच वेळी येतील तेव्हाच, म्हणून हातानं टेस्ट करून कधीच सापडत नाही. कर्नल डेव्हलपर इंगो मोल्नारनं २००६ मधे लॉकडेप आणलं ते याचसाठी. लॉकडेप प्रत्येक लॉक कुठल्या क्रमानं घेतला जातो ते लक्षात ठेवतं आणि एकदा अ-ब आणि एकदा ब-अ असा क्रम दिसला, मग भले वेगवेगळ्या दिवशी का असेना, तर प्रत्यक्ष अडकायच्या आधीच बोंब मारतं. फार भारी चीज आहे. पण एक मेख आहे, पहिली बोंब मारली की ते स्वतःला बंद करून घेतं. म्हणजे तुमच्या ड्रायव्हरनं बूट होतानाच एक वॉर्निंग दिली आणि तुम्ही ती "जुनीच आहे, चालतंय" म्हणून सोडून दिली, तर पुढच्या सगळ्या खऱ्या भानगडींना ते आंधळं. व्हेंडरच्या, म्हणजे चिप कंपन्यांनी दिलेल्या, कर्नलमधे हे लई बघायला मिळतं.

लॉकची साफसफाई नीट केलेलं एक उदाहरण पण आहे, म्हणजे मी फक्त नाही म्हणणारा माणूस नाही. लिनक्सला १९९६ मधे २.० व्हर्जनमधे एकापेक्षा जास्त प्रोसेसर चालवता यायला लागले, तेव्हा सोय म्हणून सगळ्या कर्नलला एकच मोठा लॉक घातला, बिग कर्नल लॉक. तो काढायला २०११ चा मे उजाडला, २.६.३९ मधे आर्न्ड बर्गमननं शेवटचा तुकडा काढला. पंधरा वर्षं! का लागली, तर तो लॉक विचित्र होता, ज्या प्रोसेसकडं तो आहे तोच तो परत परत घेऊ शकायचा, आणि झोपायला गेला की लॉक आपोआप सुटायचा आणि उठल्यावर परत मिळायचा. त्या जागी साधा म्युटेक्स टाकला की कुठंतरी अडकलंच. म्हणून एकेक सबसिस्टिम घेऊन, तिथला माणूस पकडून, हा लॉक नक्की कशाची राखण करतोय हे शोधून मग तो खाली ढकलत ढकलत काढला. आज पण ड्रायव्हर लिहिताना एका फंक्शनसाठी अनलॉक्ड आयओसीटीएल, म्हणजे बिग कर्नल लॉकशिवाय चालणारं, असं नाव लिहावं लागतं, लॉक जाऊन इतकी वर्षं झाली तरी नाव राहिलंय, असो.

आता मिनेसोटा. २०२१ च्या एप्रिलमधे कर्नलचा मेंटेनर ग्रेग क्रोह-हार्टमननं मिनेसोटा विद्यापीठाचे पॅच घेणंच बंद केलं, कारण तिथल्या संशोधकांनी मुद्दाम खोट असलेले पॅच पाठवून रिव्ह्यूमधे सापडतात का याचा प्रयोग केला होता. त्या अनैतिकपणावर सगळं जग बोललं. माझ्या मुद्द्याला महत्त्वाचं ते दुसरंच, की लपवायला त्यांनी जागा कुठली निवडली. छोट्या-छोट्या दुरुस्त्या, एरर आली तर हे सोडायचं राहिलंय बघा, अशा धाटणीच्या, ज्या सोडलेल्या मेमरीला नंतर परत हात लावतील. त्यांना पक्कं माहीत होतं की अशा पॅचवर रिव्ह्यू करणारा माणूस सैल होतो, बरं बाबा, चांगलं काम केलंस म्हणून पुढं ढकलतो. मग त्या विद्यापीठाचे आधीचे सगळे, प्रामाणिकपणे पाठवलेले पॅच परत तपासले, ४३५ होते. बहुतेक बरोबर निघाले, पण ३९ चुकीचे, दुरुस्ती लागणारे. या ३९ मागं कुणाचा वाईट हेतू नव्हता. पीएचडी करणारी हुशार पोरं, हातात चांगली टूल्स, तरी शंभरातले नऊ चुकले. मग दोन दिवसांच्या वर्कशॉपनंतर पॅच पाठवणाऱ्याकडनं काय अपेक्षा करायची?

हे चुकतं कसं त्याचा एक नमुना. कर्नलचा सर्वसाधारण रिवाज असा की फंक्शन फेल झालं तर त्यानं काही घेतलेलं नसतं, त्यामुळं परत द्यायचं पण काही नसतं. पण पॉवर मॅनेजमेंटमधलं पीएम रनटाइम गेट सिंक हे डिव्हाइसला जागं करणारं फंक्शन फेल झालं तरी वापराचा काउंट वाढवूनच ठेवतं. रिवाज माहीत असलेला माणूस काउंट परत करत नाही, तो डिव्हाइस कायमचा जागा राहतो, बॅटरी खातो. अपवाद माहीत असलेला दुसरा येतो, जिथं दिसेल तिथं काउंट कमी करायची ओळ घालतो, त्यातल्या एखाद्या जागी ती आवराआवर खाली आधीच असली की आता काउंट दोनदा कमी. असल्या पॅचचा पाऊस पडला होता. शेवटी २०२० मधे पीएम रनटाइम रिझ्यूम अँड गेट नावाचं दुसरं फंक्शन आणलं, जे फेल झालं तर स्वतःच काउंट परत करतं. मी क्लीनअप म्हणतो ते याला. शंभर ड्रायव्हर पुसत बसण्यापेक्षा चूक करता येणारच नाही अशी मुळातली गोष्ट बदलणं, आणि ते करायला त्या सबसिस्टिममधे मुरलेला माणूस लागतो.

यावर हमखास विचारतात, मग पोरांनी शिकायचं कसं? बरोबर आहे प्रश्न. माझं म्हणणं, पॅच पाठवायच्या आधी मोडायला शिका. कर्नलमधे २.६.२० पासून फॉल्ट इंजेक्शनची सोय आहे, मेमरी मागितली की मुद्दाम नाही म्हणायला लावता येतं, दर शंभर मागण्यांत पाचदा नकार, असं सांगून. लॉकडेप चालू करून कर्नल बांधा, केमेमलीक (सोडायची राहिलेली मेमरी शोधणारी सोय) चालू करा, एखादा स्वस्तातला बोर्ड आणि सेन्सर घ्या, आणि तो चालू असताना वायर उपटा, परत लावा, परत उपटा, व्होल्टेज खाली-वर करा. आपल्या कॉलेजच्या लॅबमधे तसंही व्होल्टेज खाली-वर होतच असतंय, त्याचा एकदा तरी उपयोग होईल. जे मोडेल त्याचा लॉग आणि ते परत कसं घडवायचं ते मेंटेनरला पाठवा. यात पण नाव लागतं! रिपोर्टेड-बाय, टेस्टेड-बाय असे रकाने कमिटमधे, म्हणजे घेतलेल्या बदलाच्या नोंदीत, असतातच, फक्त ते रेझ्युमेत टाकावेत हे आपल्याकडं कुणी सांगत नाही. आणि ज्या मेंटेनरकडं ते कार्ड नाही त्याच्यासाठी "मी हे माझ्या बोर्डावर चालवून बघितलं" म्हणणारा सांगलीचा एक विद्यार्थी दहा सुबक पॅचपेक्षा जास्त कामाचा. महिनाभर असं मोडून बघितलं की कुठली दुरुस्ती करायची हे त्या पोराला आपणहून कळायला लागतं, मग त्यानं पॅच पाठवला तर मी पहिला टाळ्या वाजवीन.

दुसरे म्हणतात रस्ट नावाची नवी भाषा आलीय, सी आवरत बसायचं कशाला. २०२२ च्या डिसेंबरला ६.१ मधे रस्टचा पाया आला, त्यात सोडायचं विसरणं जवळजवळ अवघडच आहे, ही मोठी गोष्ट आहे. पण अ-ब, ब-अ वाला डेडलॉक रस्टमधे पण तसाच होतो, आणि सीमधल्या त्या कोट्यवधी ओळी काय रातोरात जाणार नाहीत. तिसरे, आता एआयला सांगून पॅच बनवू म्हणणारे, त्यांना एवढंच विचारायचंय की बोर्ड कुणाच्या टेबलावर आहे.

राहता राहिला पैसा. साफसफाईला पैसे कोण देणार यावर सगळे खाली बघतात, कारण फीचर विकता येतं, न अडकलेला लॉक विकता येत नाही. पण जगात कुणीतरी देतंय. २०१६ पासून लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म म्हणून प्रकल्प चालू आहे, त्यात सीमेन्स, हिताची, तोशिबा अशा कंपन्या मिळून ठराविक कर्नल दहा-दहा वर्षं सांभाळतात, कारण त्यांची यंत्रं वीजकेंद्रात, रेल्वेत बसवलेली असतात आणि दोन वर्षांनी फेकता येत नाहीत. आपल्याकडं पण यंत्रं दोन वर्षांनी फेकत नाहीत, उलट जास्तच वापरतात. पण घेताना फक्त किंमत आणि स्क्रीन किती इंची ते बघतात. कर्नल कुठला, त्याला दुरुस्त्या किती वर्षं मिळणार, एरर पाथ कुणी तपासला, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातच नसतं, त्यामुळं माझ्यासारख्या छोट्या धंदेवाल्यानं त्यावर खर्च केला तर टेंडरमधे तोच महाग ठरतो. म्हणून मी म्हणतो ही गोष्ट फक्त प्रोग्रॅमरची नाही. खरेदी करणारा जोपर्यंत विचारत नाही तोपर्यंत चिप कंपनी सुधारणार नाही आणि आम्ही लोक गोटू घालून भागवत राहणार.

आणि विचारणं अवघड नाही. २०१९ च्या ऑगस्टमधे कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तेव्हा अख्खी सांगली तासातासाला पातळीचा आकडा बघत होती. असा आकडा देणारं कुठलंही यंत्र, मग ते नगरपालिका घेवो, साखर कारखाना घेवो की द्राक्ष बागायतदारांची संस्था, नेमकं पाऊस आणि लाईट दोन्ही बेभरवशाचं असताना चाललं पाहिजे. मग टेंडरमधे दोन ओळी घाला. एक, कर्नलच्या दुरुस्त्या सात वर्षं मिळतील हे पुरवठादारानं लिहून द्यायचं. दुसरी, डेमोच्या दिवशी यंत्र चालू असताना आपला माणूस सेन्सरची वायर उपटेल, दहा मिनिटांनी परत लावेल, असं पन्नास वेळा करेल, आणि प्रत्येक वेळी यंत्र बंद-चालू न करता आकडा परत आला तरच बिल निघेल.